कोरड्यास

मांस नसलेल्या जेवणासाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांपैकी एकही त्या जेवणाचे पुरते वर्णन करीत नाही. ‘निरामिष’ हा शब्द अभावातून घडला आहे. ज्यात आमिष, म्हणजे मांस नाही, ते निरामिष. पानात काय नाही एवढेच तो सांगतो. काय आहे हे सांगत नाही. ‘शाकाहार’ हा शब्द होकारार्थी खरा, पण त्याने सारे जेवण शाकेवर, म्हणजे भाजीपाल्यावर आणून ठेवले. आमच्या वेळापूर भागातील बोलीत ‘वशाट’ आणि ‘गोडं’ अशी जोडी आहे. वशाट म्हणजे मांसाहार. गोडे जेवण म्हणजे मांसाविना जेवण, मग त्यातील आमटी तिखटाने कितीही जळजळीत असो. या तिन्ही शब्दांमागे एकच समजूत दडलेली दिसते. खरे जेवण ते दुसरे. हे त्याच्या उणिवेवरून ओळखायचे.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला या शब्दांचे कुतूहल वाटते. यजमान म्हणून मात्र त्यांच्यामागची समजूत मला अनेकदा जाचली आहे. वडील गेल्यानंतर माझ्या आईने पंढरपुरात तुळशीची माळ घातली. माळ घातली की मांस आणि मद्य सुटते, एकादशी लागते, वारी लागते. आईपुरता हा नियम होता. पण चूल एकच असल्यामुळे तो घराचा नियम झाला. आमच्या नात्यागोत्यात पाहुणा आला की कोंबडे कापावे, मोठा पाहुणा असेल तर मटण करावे, अशी रीत आहे. तो मान असतो. तो न मिळालेला पाहुणा तोंडाने काही बोलत नाही, पण गावी परतल्यावर बोलतो. एका लग्नात नात्यातील एका गृहस्थांनी भर पंगतीत विनोद केला होता, “माळकऱ्याच्या घरी जेवायला जायचं, तर घरनं भाकरी खाऊन निघावं.” सगळे हसले. आईही हसली. घरी परतताना मात्र ती गाडीत एक शब्द बोलली नाही. पाहुणा आपल्या दारातून अर्धपोटी जातो, या आरोपापेक्षा मोठा आरोप तिच्या पिढीच्या बाईवर करता येत नाही.

हा विनोद वेळापुरात राहणाऱ्या घराविषयी व्हावा, याचे मला नवल वाटते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी आषाढात माळशिरसहून आमच्या गावी मुक्कामाला येते. वाटेत खुडूस फाट्याजवळ गोल रिंगण होते, तेथून वारकरी चालत वेळापुरात शिरतात आणि दुसऱ्या दिवशी भंडीशेगावकडे निघतात. त्या एका रात्री गावात जेवढी माणसे जेवतात, तेवढी वर्षभरातील सगळ्या लग्नांत मिळून जेवत नसतील. त्या जेवणात मांसाचा कण नसतो. पिठले, भाकरी, आमटी, भात, ठेचा, कुठे बुंदी, कुठे लापशी. आळंदीपासून पायी आलेला माणूस ते जेवतो, मंडपात किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात पथारी टाकतो आणि पहाटे पुन्हा चालू लागतो. ‘याने पोट भरत नाही’ असे म्हणणाऱ्याने एकदा त्या पहाटे रस्त्याच्या कडेला उभे राहावे. तेव्हा प्रश्न मांस असण्या-नसण्याचा राहत नाही. मग काही घरचे गोडे जेवण पाहुण्याला रिते का ठेवते, हाच प्रश्न उरतो.

माझ्या पाहण्यात याचे कारण साधे आहे. मांस वगळल्यावर आपण त्याच्या जागी संख्या आणतो. तीन भाज्या, दोन कोशिंबिरी, पापड, लोणचे, एक गोड आणि अलीकडे हॉटेलच्या धर्तीवर पनीरची लाल भाजी. ताट भरलेले दिसते. पण भाज्या बहुतांशी पाणी, पोळी मैद्याकडे झुकलेली, भात पांढराशुभ्र. डाळ मात्र एका छोट्या वाटीत, तळ दिसेल इतकी पातळ. असे जेवण जिभेला गुंतवते आणि दोन तासांनी पोट मोकळे करते. शेतावरून आलेल्या माणसाला ते पुरत नाही, आणि त्याचा दोष मग सगळ्या गोड्या जेवणावर जातो.

आपली जुनी भाषा या बाबतीत अधिक शहाणी होती. संस्कृतात ‘सूप’ म्हणजे डाळीचे कालवण. स्वयंपाक करणारा तो ‘सूपकार’. मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांपैकी एक, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचा १८७५ सालचा ग्रंथ, त्याचे नावच ‘सूपशास्त्र’. म्हणजे पाककलेला नाव द्यायचे तेव्हा भाषेने पक्वान्नाचे नाव घेतले नाही, डाळीचे घेतले. जो डाळ नीट शिजवू शकतो तो स्वयंपाकी, असाच त्याचा अर्थ. डाळ हे जेवणाचे केंद्र आहे, वाटीतील शोभा नव्हे, ही गोष्ट या एका शब्दात जपलेली आहे.

आमच्या बोलीतील शब्द त्याच्याही पुढे जातो. सोलापूर, सांगली, सातारा या भागांत भाकरीबरोबर जे काही पातळ किंवा सरबरीत खायचे, त्याला ‘कोरड्यास’ म्हणतात. “आज कोरड्यास काय केलंय?” हा प्रश्न आमच्याकडे रोज संध्याकाळी विचारला जातो. या शब्दाची घडण पाहावी. ‘कोरडे’ या विशेषणाला ‘स’ हा चतुर्थीचा प्रत्यय लागला आहे. कोरड्या भाकरीस लावायला जे हवे ते कोरड्यास. विभक्तीचे रूप पुढे स्वतंत्र नाम झाले, आणि ते इतके रुळले की बोलणाऱ्याला त्यातील प्रत्यय जाणवतही नाही. पण मूळ विचार त्यात शाबूत आहे. हा शब्द पदार्थाचे नाव सांगत नाही, नाते सांगतो. पिठले असो, आमटी असो, घुटे असो; भाकरीशी ज्याचे जमते ते कोरड्यास. ‘निरामिष’ शब्द काय वजा केले ते मोजतो. ‘कोरड्यास’ काय जोडले ते सांगतो. पोट भरणाऱ्या जेवणाचे सूत्र या दुसऱ्या शब्दात आहे.

आहारशास्त्र हेच वेगळ्या परिभाषेत सांगते. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते. डाळींत मिथिओनिन कमी, ते तृणधान्यांतून मिळते. एकटी भाकरी अपुरी, एकटी डाळ अपुरी. दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढाच तंतू असतो. तूर किंवा हुलगा यांत त्याच्या दुपटीहून थोडी अधिक प्रथिने असतात. शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आणि त्याहून कितीतरी अधिक स्निग्धांश. तंतू पोटात जागा धरतो, प्रथिने आणि स्निग्धांश भूक लांबवतात. भाकरी, हुलगा आणि शेंगदाण्याची चटणी हे तीन पदार्थ आमच्या कोरडवाहू मुलखाने एकत्र आणले, तेव्हा कोणी कोष्टक मांडले नव्हते. जे पिकले ते जोडून पाहिले, आणि ज्याने दुपार निभावली ते टिकले.

ही सगळी विद्या कसोटीला लागली ती पुतणीच्या सोयरिकीच्या वेळी. मुलाकडची मंडळी दुसऱ्या जिल्ह्यातून यायची होती. चौदा माणसे, रात्रीचे जेवण. ती मंडळी वशाट खाणारी आणि खिलवणारी आहेत, हे मध्यस्थाने आधीच सांगितले होते. त्यात त्याची सूचना होती, ती आम्हांला कळली. भावाचे मत पडले की मळ्यात वेगळी चूल मांडून मटण करावे, आईच्या स्वयंपाकघराला शिवू नये. पुतण्याने तोडगा काढला, सोयाबीनच्या वड्यांचा तांबडा रस्सा करू, ओळखूही येणार नाही. आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, “जे सोडलं, त्येचं सोंग कशाला आणायचं?” थोड्या वेळाने तीच म्हणाली, “हुलगं हायती की घरात. शेंगोळं करू.”

या वाक्यावर घरात शांतता पसरली. हुलगा हे आमच्याकडे पाहुण्यांपुढे मांडायचे धान्य नव्हे. हलक्या, मुरमाड जमिनीत, दोन पावसांवर येणारे हे कडधान्य. ज्यांच्याकडे तूर नसे ते हुलगा खात. माळशिरस तालुक्यातील बऱ्याच शिवारांत नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, साखर कारखाने आले. त्याबरोबर ताटात गव्हाची पोळी आली आणि हुलगा-बाजरी मागे सरली. हुलगा पाहुण्याला वाढणे म्हणजे आपले जुने दारिद्र्य त्याच्यापुढे उघडे करणे, असे भावाला वाटले. त्याचे वाटणे खोटे नव्हते. १९७२ च्या दुष्काळात आई नवी सून होती. सरकारी कामावर तिने खडी फोडली. परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि वाटपातील सुकडी खाल्ली. त्या काळात हुलग्याचे माडगे मिळाले तो दिवस चांगला, असे ती सांगते. “हुलग्यानं जगवलं आमाला,” ती त्या दिवशी भावाला म्हणाली, “त्येची लाज कसली?” वाद तेथे संपला. लग्न जुळावे ही सगळ्यांचीच इच्छा होती. पण आपण जे आहोत ते झाकून जुळवावे, हे तिला मान्य नव्हते.

आता जेवण कसे बांधले ते सांगतो, कारण पोट भरणे हे अखेर मापाचे आणि क्रमाचे काम आहे. चौदा पाहुणे आणि घरची आठ माणसे धरून हिशेब केला. भाकरीसाठी तीन किलो ज्वारी, तीही त्याच दिवशी दळून आणलेली. शिळ्या पिठाची भाकरी चिरते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पीठ आधणाच्या पाण्याने मळावे लागते आणि काठवटीत तळहाताच्या टाचेने रगडावे लागते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती आमच्या जिल्ह्याची, आणि तिच्या भाकरीला पापुद्रा सुटतो तो पाहण्यासारखा असतो.

कोरड्यास दोन प्रकारचे ठेवले, एक घट्ट आणि एक पातळ. घट्ट ते शेंगोळे. एक किलो हुलग्याचे पीठ, त्यात मूठभर ज्वारीचे, लसूण-जिरे-तिखट वाटून घातलेले. घट्ट मळून हातावर बोटाएवढे वळायचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. शिजताना थोडे पीठ पाण्यात उतरते आणि रस्सा आपोआप दाटतो. पातळ ती येसराची आमटी. येसर म्हणजे धान्ये आणि डाळी खमंग भाजून मसाल्याबरोबर दळलेले पीठ. पाऊण किलो तुरीच्या डाळीत ते पडले की आमटीला रंग येतो, अंग येते, वर तवंग येतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मटणाच्या रश्श्यात माणसाला जे आवडते, त्यातील मोठा भाग भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा, काळ्या मसाल्याचा आणि तवंगाचा असतो. ती चव मांसाच्या मालकीची नाही. ती वापरणे म्हणजे सोंग आणणे नव्हे, असा निवाडा आईनेच दिला.

चावायला काहीतरी हवे, म्हणून दोन किलो लहान वांगी दाण्याचे कूट, तीळ आणि कारळे भरून केली. शेंगदाण्याची चटणी उखळात कुटली. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो, उखळात तिला तेल सुटते. बुक्कीने फोडलेला कांदा, मेथीची कोवळी पाने, दही. गोडाला खपली गव्हाची खीर, गूळ आणि सुंठ घातलेली. शेवटी थोडा भात आणि ताक. मोजून अकरा पदार्थ झाले, त्यांतील सहा धान्याचे, डाळीचे किंवा दाण्याचे. पनीर नव्हते, पुऱ्या नव्हत्या. भाऊ शेवटपर्यंत साशंक होता.

यानंतरचे काम वाढण्याचे. मराठीत ‘वाढणे’ हे एकच रूप मोठे होण्यासाठीही आहे आणि पानात अन्न घालण्यासाठीही. मुले वाढतात, पीक वाढते, आणि आपण भाकरी वाढतो. पान एकदा भरून पुढे सरकवणे, याला आमच्याकडे वाढणे म्हणत नाहीत. आईचा दंडक असा की पहिल्या वाढीत सगळे थोडे द्यायचे आणि भाकरी मात्र तव्यावरून एकेक आणायची. त्यामुळे दोन गोष्टी होतात. भाकरी गरम राहते, आणि पाहुणा सावकाश जेवतो. पोट भरल्याची जाणीव व्हायला वेळ लागतो. घाईने जेवलेला माणूस अधिक खातो, पण समाधानाने उठत नाही. भात मागवून आणायचा, तोही भाकरी नको म्हटल्यावरच. आग्रहाचेही एक माप असते. एकदा विचारावे, दुसऱ्यांदा वाढावे, तिसऱ्यांदा पाहुण्याच्या हाताकडे पाहावे. हात पानावर आडवा आला की थांबावे.

त्या रात्री पहिली काही मिनिटे पंगतीत कोणी बोलत नव्हते, आणि ते मौन कसले आहे हे आम्हांला कळत नव्हते. मग मुलाच्या आजोबांनी शेंगोळ्याचा रस्सा भाकरीत कुस्करला, दोन घास घेतले आणि विचारले, “हे कुणी केलं?” आईकडे बोट गेले. ते म्हणाले, “माझी आई गेल्यापासनं खाल्लं न्हवतं.” त्यानंतर त्यांनी दोनदा मागून घेतले. त्यांच्या पाठोपाठ तरुण मंडळी जेवू लागली. आईने भाकऱ्यांची तिसरी चळत थापायला घेतली तेव्हा तीन किलोचे पीठ सरत आले होते आणि शेजारून पीठ आणावे लागले. सोयरीक जुळण्यामागे कारणे अनेक असतात. मुला-मुलीची पसंती हे पहिले. ती जुळली, याचे श्रेय मी हुलग्याला देणार नाही. पण पाहुणे भरल्या पोटी गेले, एवढे मात्र निश्चित. निघताना आजोबांनी आईकडून शेरभर हुलगे मागून नेले.

हे आमच्याच घरचे शहाणपण आहे असे नाही. आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अक्कलकोटकडे, तसेच लातूर-धाराशिवच्या बाजूला मार्गशीर्षातील अमावास्येला येळवस साजरी होते. कन्नडमधून आलेल्या या शब्दाचे नंतर ‘वेळ अमावास्या’ झाले. त्या दिवशी शेतकरी गावातील माणसांना, शहरातील ओळखीच्यांना आपल्या शेतात जेवायला बोलावतो. पानात तूर, हरभरा, पावटा, वाटाणा अशा ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची घोटून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील आणि खीर. ज्वारी-हरभऱ्याच्या उभ्या पिकात बसून माणसे जेवतात आणि झाडाखाली आडवी होतात. तेथे या जेवणात काही कमी आहे असे कोणाला वाटत नाही, कारण ते कशाच्या ऐवजी केलेले नसते. जे ‘ऐवजी’ केले जाते ते नेहमी अपुरे ठरते. स्वतःच्या बळावर उभे राहते ते जेवण पुरते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ज्वारी-बाजरीला पुन्हा प्रतिष्ठा येऊ लागली आहे. शहरांतील दुकानांत आता ज्वारीची बिस्किटेही मिळतात. याचा आनंदच आहे. पण धान्य परत आले म्हणून त्याच्याबरोबरचे शब्द आपोआप परत येत नाहीत. माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांना मी येसर, घुटे, माडगे, काठवट, आधण हे शब्द विचारतो. निम्म्यांना ते आजीच्या तोंडून ऐकल्याचे आठवते. वापरतो असे सांगणारे थोडे. आमच्या गावच्या अर्धनारी नटेश्वराच्या मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातील मराठी शिलालेख आहेत. त्यांतील शब्द दगडावर कोरले गेले म्हणून सातशेहून अधिक वर्षे टिकले. काठवटीतील शब्दांना दगडाचा आधार नाही. ते रोज संध्याकाळी कोणीतरी वापरले तरच टिकतात.

बोलीचा अभ्यास करायचा तर शब्दसूची घेऊन गावोगाव हिंडण्याआधी आपल्या घरच्या पंगतीत बसावे, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो. पाहुणे यायचे असतील त्या दिवशी स्वयंपाकघरात उभे राहावे. कोण काय करायचे म्हणते, कोणता पदार्थ पाहुण्यांपुढे आणायला कोणाला संकोच वाटतो, आणि त्या संकोचासाठी कोणते शब्द वापरले जातात, ते ऐकावे. मग चार भाकऱ्या थापून पाहाव्यात. आणि कोणी विचारले, की मांसाशिवाय चौदा माणसांचे पोट कसे भरणार, तर त्याला निरामिष आणि शाकाहार यांचे अर्थ सांगत बसू नये. आमच्याकडचा साधा प्रश्न आधी आपल्याच घराला विचारावा: ज्वारी दळून आणली आहे, कोरड्यास काय करायचे?